रोजा, एकादशी आणि पुईखडीचा चढ

२०२५ साली आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख एकाच रविवारी आली, ६ जुलैला. आदल्या रात्री खत्तलरात्र, पंजे म्हणजे पिरांची हाताच्या आकाराची निशाणं एकमेकांच्या भेटीला निघतात ती, त्यामुळं कोल्हापूरच्या पेठांमधून कुणी धड झोपलेलं नव्हतं. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापाशी पोचलो तर नंदवाळच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रतिपंढरपूरच्या, दिंडीची गर्दी लोटलेली. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पखवाज, भगव्या पताका, आणि रात्रभर पंजांच्या भेटी बघून तसाच आंघोळ करून आलेला तालमीतल्या पोरांचा एक घोळका, डोळे लाल.

सोबतीला आमचे शाळेतले गणिताचे सर. मुसलमान, सुन्नी, त्यात हनफी मजहबाचे, म्हणजे त्या विचारपंथाचे, वर आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पिराचे सेवेकरी. पुईखडीचं रिंगण बघायचं आणि माघारी फिरायचं, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. साने गुरुजी वसाहतीच्या पुढं कुणीतरी केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि खिचडीचे द्रोण वाटत होतं. मी तिन्ही घेतलं.

“एकादशी अन् दुप्पट खाशी,” सर म्हणाले आणि पाण्याचा ग्लाससुद्धा न घेता पुढं निघाले. त्यांचा रोजा होता.

मला वाटायचं, हा रोजा हुसेनसाठी. “न्हाई रे,” ते म्हणाले. “आम्ही सुन्नी धरतो तो मूसा पैगंबरांच्या आठवणीत. फिरऔनच्या, म्हंजे इजिप्तच्या राजाच्या, तावडीतनं त्यांची माणसं सुटली, तो हा दिवस. शिया लोक आज असला रोजा धरत नाहीत. त्यांचा हा दुखवटा.”

एकाच तारखेला एकाची सुटका आणि दुसऱ्याचा शोक. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन मूठभर साथीदारांसह यजीदच्या फौजेकडून मारले गेले. पण फाटायला सुरुवात त्याच्या आधीची, ६३२ साली पैगंबर गेले तेव्हाची. पुढारपण कुणाकडं जावं? अबू बकर यांच्याकडं गेलं. जावई अली यांचाच तो हक्क, असं ज्यांना वाटलं, त्यांचा पुढं शिया पंथ झाला. अलींची पाळी चौथी आली, आणि ६६१ मध्ये त्यांचाही खून झाला.

चढ सुरू झाला. टाळ वाजत होते म्हणून सर जरा मोठ्यानंच बोलत होते, आणि पुढच्या दिंडीतल्या एक आजी मान वळवून वळवून ऐकत होत्या.

कुराणाच्या पाचव्या सूरेत तिसरी आयत आहे: आज मी तुमचा धर्म तुमच्यासाठी परिपूर्ण केला. बहुतेक सुन्नी सांगतात, ती शेवटच्या हजच्या वेळी अरफातच्या मैदानात उतरली. शिया सांगतात, हज उरकून परतताना, गदीर खुमच्या पाणवठ्यापाशी, पैगंबरांनी अलींचा हात धरून ‘मी ज्याचा मौला, अली त्याचा मौला’ असं जाहीर केल्यावर. मौला म्हणजे धनी, तसाच मित्रही. मौलाचं वाक्य सुन्नींनाही मान्य आहे, त्यातून गादीचा हक्क निघतो हे तेवढं मान्य नाही. दोन तारखांत अंतर नऊ दिवसांचं. धर्म पुरा झाला असं सांगणारी ओळ नेमकी कधी आली, यावरच चौदाशे वर्षं एकमत नाही, आणि तरी दोन्हीकडचे कडवे आपलंच पुरं म्हणून छातीठोक बोलतात! मी हे बोलून दाखवलं.

“आयत धर्माला पुरा म्हणती,” सर म्हणाले. “मला न्हाई म्हणत.”

मग त्यांनी ती प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगितली. उम्मतचे, म्हणजे मुस्लिम समाजाचे, त्र्याहत्तर फिरके, पंथ, होतील आणि एकच तरेल. “सगळ्या मशिदींत नमाज पढून बघितली. बहात्तरातला कोण मला अजून भेटला न्हाई.”

त्यांच्या घरातच बघा. ते दर्ग्यात फूल वाहतात, चोंगे वाटतात. पुतण्या वेगळ्या मशिदीत जातो, त्याच्या लेखी पंजापुढं ऊद घालणं म्हणजे शिर्क, अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला पुजण्याचं पाप. दोघंही सुन्नी, दोघंही हनफी. ही ओढाताण एकोणिसाव्या शतकातली आहे. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा निघाला, असल्या रिवाजांवर टीका करणारा, आणि पुढं बरेलीचे अहमद रझा खान दुसऱ्या टोकाला, दर्ग्यांच्या बाजूनं, उभे राहिले. पाकिस्तानात १९५३ च्या अहमदिया पंथाविरोधी दंगलींनंतर न्यायमूर्ती मुनीर यांच्या आयोगानं उलेमांना, धर्मपंडितांना, विचारलं होतं, मुसलमान कुणाला म्हणायचं? कुठल्याही दोघांची उत्तरं जुळली नाहीत. एकाची व्याख्या धरली की बाकीच्यांच्या हिशोबानं माणूस काफिर, असा आयोगाचा निष्कर्ष. २००५ साली अम्मानला जमलेल्या विद्वानांनी सुन्नी, शिया आणि इबादी ही तिसरी शाखा मिळून आठ मजहबांना मान्यता दिली आणि त्यांच्यातल्या कुणाला काफिर ठरवायला मनाई केली, हेही सरांनीच सांगितलं. “ठराव चांगलाय,” ते म्हणाले, “पुतण्याला दावला. म्हणतो, त्यात पंजा कुठं लिवलाय?”

मला हसू आलं, त्यांना नाही.

पुईखडीला रिंगण झालं. घोडा एवढा जवळून गेला की मातीचा फराटा तोंडावर आला. लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. सर कडेला उभे राहून बघत होते, ओठ सुकलेले. संध्याकाळी पंचगंगेवर विसर्जन, त्याआधी तालमीत पोचायचं होतं. रिंगण मोडताच त्यांनी एका गाववाल्याच्या मोटरसायकलला हात केला आणि गेले.

नंदवाळच्या दर्शनरांगेत मागं दोन गृहस्थ तावातावानं बोलत होते. आळंदी-देहूहून पंढरीला चालत जातो तीच वारी, हे प्रतिपंढरपूर वगैरे हौसेमौजेचं, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, ते राहू दे, आधी गळ्यात माळ आहे का बघा, माळ नाही त्याला वारकरी म्हणायचंच नाही.

माझ्या गळ्यात माळ नव्हती. सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि रांगेत पुढं सरकलो.