शिरोळच्या उसात भेटलेला नौसैनिक

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेचा विषय निघाला की बोलणे मराठा लाइट इन्फंट्रीवर येते, आणि ते स्वाभाविकच आहे. बेळगावचे रेजिमेंटल सेंटर महामार्गाने दोन-अडीच तासांवर आहे, शहरातच टेंबलाईच्या टेकडीवर १०९ टेरिटोरियल आर्मीची बटालियन आहे, आणि शिरोळ तालुक्यातील टाकळीला तर सारा महाराष्ट्र सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतो. या जिल्ह्यापासून समुद्र दूर आहे. मध्ये सह्याद्री आहे आणि त्यापलीकडे कोकण. त्यामुळे १९७१च्या युद्धात लहान गस्ती बोटींवर काम केलेल्या नौसैनिकांविषयी मी कोल्हापूरच्या प्रवासवर्णनात लिहीन, असे मला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसताना वाटले नव्हते.

प्रवासाचे पहिले दिवस नेहमीच्या मार्गाने गेले. अंबाबाईचे दर्शन गर्दीत आणि घाईत झाले, रंकाळ्यावर संध्याकाळ बरी गेली, आणि स्थानकाजवळच्या ज्या लॉजवर उतरले होते तेथे पहाटेपर्यंत झोप लागली नाही. म्हणूनच, कार्यालयातील एका सहकाऱ्याने ‘आमच्या गावी दोन दिवस राहायला या’ असा निरोप धाडला तेव्हा मी लगेच होकार दिला. गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. जयसिंगपूर सोडल्यापासून उसाच्या ट्रॅक्टरमागे आमची एसटी इतकी संथ चालली होती की रस्त्यालगतच्या प्रत्येक फडातील तोडणी नीट पाहता येत होती.

गावात शिरताच मारुतीच्या देवळासमोर काळ्या दगडाचा एक फलक दिसला. १९६२, १९६५, १९७१, कारगिल अशा क्रमाने गावातील आजी-माजी सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. प्रत्येक नावापुढे हुद्दा आणि त्यापुढे पलटण. अक्षरे सुबक आहेत, फलक स्वच्छ आहे, आणि त्याची निगा गाव मनापासून राखते हे पाहताक्षणी कळते. १९७१च्या यादीत मात्र एका नावापुढे पलटणीच्या रकान्यात ‘इतर’ एवढाच शब्द आहे. ते नाव माझ्या सहकाऱ्याच्या आजोबांचे. मी त्यांच्याच घरी उतरणार होते.

पाहुणचाराविषयी माझे एक जुने मत आहे, आणि ते कोल्हापूरकडे आले की अधिक पक्के होते: येथे ताटात किती घ्यायचे हे पाहुण्याने ठरवायचे नसते. तांबडा आणि पांढरा रस्सा वाटीतून संपू देत नाहीत, ‘आणि घ्या की’ हे वाक्य विनंतीच्या सुरात येते पण तो निर्णय असतो. मला हा आग्रह एरवी जड जातो. त्या दिवशी गेला नाही, कारण जेवणानंतर ओसरीवर आबा बोलू लागले आणि त्या घरातील माणसेही त्यांच्याभोवती प्रथमच त्या विषयावर ऐकायला बसली.

आबांची पंचाहत्तरी कधीच उलटली आहे. ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस नौदलात भरती झाले, लोणावळ्याच्या आय.एन.एस. शिवाजीवर इंजिनाचे शिक्षण घेतले आणि पुढे एका लहान गस्ती बोटीच्या इंजिन-रूममध्ये रुजू झाले. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, आणि बोटीचेही लिहीत नाही. एवढ्या लहान बोटीवर माणसे इतकी थोडी असत की बोटीचे नाव सांगितले म्हणजे माणूस सांगितल्यासारखेच होते, आणि आबांची इच्छा अशी की आपले नाव गावच्या दगडावर नीट यावे, त्यापलीकडे कोठेही जाऊ नये.

त्यांनी लढाईची म्हणून जी हकीकत सांगितली तीत एकही लढाई नव्हती. मुंबईत दिवे बंद, बंदराच्या तोंडाशी रात्रभर फेऱ्या, पाण्यावर कोठे पाणबुडीच्या पेरिस्कोपची रेषा उमटते का, एखादी अनोळखी होडी काठाशी सरकते का, यावर डेकवरच्या माणसांचे डोळे. आबांना तेही दिसत नसे. ते खाली, डिझेलच्या वासात आणि इंजिनाच्या आवाजात, जेथे शेजारचा माणूस कानाशी ओरडल्याखेरीज ऐकू येत नाही. वेग वाढवा, कमी करा, थांबा, मागे घ्या, एवढेच हुकूम वरून येत. का, ते कळत नसे. ‘वरच्यास्नी समुद्र दिसायचा, आमास्नी नुसतं घड्याळ,’ असे ते म्हणाले. मोठ्या जहाजाला जाडी असते, तुकड्यांत विभागलेली पोटे असतात. या बोटीचा पत्रा इतका पातळ की बाहेरच्या लाटेची थाप आत हाताला लागे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आय.एन.एस. खुकरी बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ही बातमी त्यांच्या बोटीवर पोहोचली तेव्हा कोणी काही बोलले नाही आणि पाळी बदलली तशी सगळी माणसे आपापल्या जागी गेली. त्या रात्रीनंतर खाली उतरण्याच्या शिडीकडे पाठ करून उभे राहणे आपल्याला कधी जमले नाही, हे सांगताना आबा थांबले, आणि त्यांच्या सूनबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

पदके त्यांनी स्वतः दाखवली नाहीत, नातवाने आणली. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही औषधाच्या जुन्या डब्यात, कापडात गुंडाळलेली. संग्राम मेडलच्या कडेवर त्यांचा क्रमांक आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले आहे. बोटीचे नाव तेथेही नाही.

या भेटीत मला सर्वांत अधिक हलवून गेलेली गोष्ट मात्र १९७१ची नव्हती. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, तेव्हा नौदलाची पथके रबरी जेमिनी बोटी घेऊन या भागात उतरली होती. गावोगावच्या स्त्रियांनी त्या तरुण नौसैनिकांना राख्या बांधल्या, म्हाताऱ्यांनी हात जोडले, आणि ते सर्व योग्यच होते. आबांच्या घरात पाणी माळ्याला लागले होते. त्यांना कौलांवरून उतरवून बोटीत बसवताना, आपणही नेव्हीत होतो असे ते सहज बोलून गेले. बोट चालवणारा मुलगा उत्तरेकडचा होता. प्रवाहातून बोट काढता काढता त्याने विचारले, ‘बाबा, कौनसी शिप?’ आबांनी नाव सांगितले. त्या मुलाने ते नाव पुन्हा उच्चारले, आणि बोट काठाला लागेपर्यंत ती कोणत्या बंदरात असे, इंजिने कोणती होती, माणसे किती, हे विचारत राहिला. पन्नास वर्षांच्या आसपास या गावात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो पुराच्या पाण्यात, परक्या मुलाकडून.

मला याची चीड आली, आणि ती अजून आहे. गावाला नौदलाविषयी अनादर नाही. त्या पुरात ते दिसलेच. पायदळातल्या माणसाची पलटण विचारण्याची येथे पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. पलटण टिकते, तिचे सेंटर असते, तिचा दिवस साजरा होतो, गावात त्याच पलटणीची आणखी चार माणसे असतात आणि एकाची आठवण दुसरा राखतो. लहान बोट मोडीत निघते. तिच्यावरची वीस-पंचवीस माणसे देशाच्या वीस कोपऱ्यांतून आलेली, निवृत्तीनंतर ती तेथेच परतलेली, आणि शिरोळमध्ये त्या बोटीचे नाव जाणणारा एकच माणूस उरलेला. त्याला कोणी विचारले नाही तर ती बोट या जिल्ह्याच्या दृष्टीने कधी नव्हतीच.

नौदलाच्या लहान बोटींना कीर्ती मिळालीच नाही असे नाही. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी, किल्तान आणि कच्छल या जहाजांच्या सोबतीने कराचीवर चालून गेल्या. पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंग काढणारे मुहाफिज बुडाले, आणि आपला एकही माणूस गमावला नाही. पथकाचे प्रमुख बब्रूभान यादव यांना महावीरचक्र मिळाले, आणि तो दिवस आज नौदल दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्याविषयी शाळेतील मुलेही सांगू शकतात. पण त्याच युद्धात पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशाच्या बाजूला, पनवेल नावाची एक गस्ती बोट होती, रशियन बनावटीची, जेमतेम तीस मीटर लांब. आपल्या महाराष्ट्रातील गावाचे नाव घेतलेल्या या बोटीची हकीकत मी पुण्या-मुंबईतल्या सुशिक्षित घरांतही क्वचितच ऐकली आहे. कमांडर मोहन नारायणराव सामंत यांच्या नेतृत्वाखाली पनवेल, आणि बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीसाठी कोलकात्यात तोफा बसवून सज्ज केलेल्या पद्मा व पलाश, अशा बोटी नद्यांच्या जाळ्यातून मोंगला आणि खुलनापर्यंत आत घुसल्या. १० डिसेंबरला खुलनाजवळ आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी शत्रूच्या समजून त्यांच्यावर हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या. पलाशच्या इंजिन-रूमची जबाबदारी असलेले रुहुल अमीन त्या दिवशी मरण पावले. बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. बुडालेल्या बोटीवरचे आपले लीडिंग सीमन चिमण सिंग स्वतः जखमी असताना, पाण्यातून काठाकडे निघालेल्या सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी शत्रूच्या गोळीबारासमोर गेले आणि पकडले गेले. पनवेलने वाचलेली माणसे उचलली. सामंत, पनवेलचे कप्तान नोरोन्हा आणि चिमण सिंग, तिघांनाही महावीरचक्र मिळाले.

ही हकीकत मी आबांना सांगितली तेव्हा ती त्यांना ठाऊक होतीच. रुहुल अमीन यांचे नाव येताच त्यांनी मान हलवली आणि, ‘इंजिन-रूमचा माणूस,’ एवढेच म्हणाले. युद्धानंतर अक्षय नावाची आपली गस्ती बोट बांगलादेशाला देण्यात आली आणि तेथे तिचे नाव पद्मा ठेवले गेले, हेही त्यांनीच मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा झाला. तबक उद्यान, सज्जाकोठी आणि सहलींच्या बसगाड्या यांविषयी येथे लिहीत नाही. मी गेले होते रामचंद्रपंत अमात्यांच्या समाधीसाठी, आणि तेथे माझ्याखेरीज कोणी नव्हते. अमात्यांचे आज्ञापत्र हा राज्यकारभारावरचा ग्रंथ या कोल्हापूरच्याच गादीवरील दुसऱ्या संभाजीराजांसाठी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिला गेला. त्यात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, आणि वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी अवाढव्य जहाजे बांधण्यापेक्षा मध्यम आकाराची, चपळ गलबते व गुराबा सज्ज कराव्यात असा स्पष्ट उपदेश आहे. समुद्रापासून इतक्या आत, डोंगरावरून राज्य पाहणाऱ्या माणसाला लहान नौकेची किंमत तीनशे वर्षांपूर्वी समजली होती. त्याच गादीच्या मुलखात १९७१च्या नौसैनिकाला ‘इतर’ या रकान्यात बसवले जाते, हे मला समाधीपाशी उभे असताना फार बोचले.

गावी परतल्यावर मी सहकाऱ्याच्या वडिलांसोबत फलकाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना भेटले. ती भली माणसे आहेत. चहा झाला, उसाच्या दराविषयी बोलणे झाले, आणि मग कळले की अडचण एका रकान्याची आहे: मथळा ‘पलटण’ असा कोरलेला आहे, बोट ही पलटण नव्हे, म्हणून कोरणाऱ्याने विचारले तेव्हा कोणीतरी ‘इतर’ सांगितले. दगड बदलण्याचा खर्च मोठा आहे हे मला मान्य आहे. पण एका ओळीवर पितळी पट्टी बसवता येते, आणि ती बसवावी असे मी तेथे आवाज थोडा चढवूनच सांगितले. पाहुणीने असे बोलू नये हे मला कळते. तरीही मी ते पुन्हा बोलेन.

त्यांनी पुरावा मागितला, आणि ती मागणी रास्त आहे. आबांच्या सेवापुस्तिकेची पाने २०१९च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटली आहेत. पायदळातील माणसाच्या घरचे अशा वेळी सकाळच्या गाडीने बेळगावला जाऊन येतात. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. मेडलच्या कडेवरचा क्रमांक भिंगातून वाचून सूनबाईंनी अर्ज लिहिला. सेवेचा काळ आणि त्या काळातील प्रत्येक बोटीचे नाव, एवढीच माहिती मागितली आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ज्यांच्या घरी नौदलातून निवृत्त झालेले आजोबा आहेत त्यांनी तो क्रमांक आजच वाचून ठेवावा आणि बोटींची नावे त्यांच्याच तोंडून, वर्षांसह, वहीत उतरवून घ्यावीत. मोठ्या जहाजांचे इतिहास छापलेले मिळतात. बंदराच्या तोंडाशी रात्री घालवलेल्या बोटींची हकीकत बहुधा या म्हाताऱ्यांपाशीच आहे.

ग्रामपंचायतीकडे दुसरा अर्ज दिला आहे. त्यात आबांच्या नावापुढे ‘इतर’ काढून ‘भारतीय नौदल’ आणि त्याखाली बोटीचे नाव लिहावे, अशी विनंती आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो विषय घेण्याचे ग्रामसेवकांनी मान्य केले आहे.