कबड्डी का सोडली, असं विचारलंत म्हणून

कार्यक्रम संपून तबले पिशवीत जाईपर्यंत कुणीतरी जवळ येतंच. आधी आवाजाचं कौतुक होतं. मग, "तुम्ही म्हणे विद्यापीठाकडून कबड्डी खेळायचे?" आणि मग इकडेतिकडे बघून, जरा हळू, "मग सोडलं कशानं? म्हणजे... त्यामुळे का?"

त्यामुळे म्हणजे मी गे आहे त्यामुळे. विचारणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट आधीच रचलेली असते: रांगड्या पोरांत हा नाजूक जीव टिकला नाही, बिचारा गाण्यात येऊन रमला. नाजूक म्हणाल तर ८५ किलोच्या वजनमर्यादेत बसायला मी आदल्या रात्रीचं जेवण सोडायचो.

खेळातून मला बाहेर काढलं गुडघ्यानं. चढाईत डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोटा धरला, मी मधल्या रेषेकडे वळलो, बूट मॅटवर तसाच चिकटून राहिला आणि वरचा गुडघा फिरला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, गेलं. मातीवर निदान पाय घसरतो तरी, असं माझं आजही मत आहे. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली. या दुखापतीनंतर नऊ-दहा महिन्यांत पुष्कळ जण परत उतरतात. मलाही उतरता आलं असतं. मी उतरलो नाही. तुमच्या प्रश्नात जे काही खरं आहे ते या न उतरण्यात आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जागेवर आणलं, तेव्हा आम्ही स्पर्धेसाठी बाहेरगावी होतो. एका हॉलमध्ये रांगेनं गाद्या टाकलेल्या, खिडकीच्या गजांना वाळत घातलेल्या चड्ड्या आणि निकॅप. पेपर हातोहात फिरला आणि दोन दिवस विनोदांना तोटा नव्हता. मीही हसलो. कुणी मला उद्देशून काही बोललं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. पकड ढिली पडली की जो शब्द कानावर यायचा, तो तर रोजचाच होता. मॅटवर मला कधी भीती वाटली नाही. तिथं कुणाला कुठं धरायचं याला नियम असतात. भीती वाटायची ती रात्री दिवे मालवल्यावर, झोपेत आपला हात चुकून शेजारच्याच्या गादीवर गेला तर काय, याची. ऑपरेशननंतर घरी पडलो तेव्हा कबड्डीची आठवण रोज यायची. त्या हॉलची एकदाही आली नाही.

पुढे कित्येक वर्षांनी आमच्या कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाले मालूम होतं बे. तू पॉइंट आणून राहिला होता ना, मंग?" त्याला हे मोठ्या मनाचं वाटत होतं. असेलही. पॉइंट येत नसते तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही.

गाणं सुरू झालं त्यामागे काही दैवी हाक वगैरे नाही. कुबड्या घेऊन जिना चढता येत नव्हता आणि गुरुजींचा क्लास आमच्याच गल्लीत, तळमजल्यावर होता. दिवसभर घरात बसून मी आईला नकोसा झालो होतो.

लोकांना वाटतं, कबड्डीवाला म्हणजे दम आयताच. तीस सेकंदांची चढाई, तोंडानं अखंड कबड्डी कबड्डी, तेही पंचाला ऐकू जाईल असं. दम होताच, पण गळा बंद होता. अंगावर दोघं लोंबकळत असताना रेषेकडे झेपावायचं तर माणूस पोट आवळून जोर लावतो, आणि असा जोर लावताना स्वरतंतू घट्ट मिटतात. माझ्या अंगात ते इतकं भिनलं होतं की साधा सा लावतानाही गळा आवळायचा. श्वास घेतला की खांदे कानाला. गुरुजी तानपुरा थांबवायचे: "खांदे खाली घे. इथं कोणाला शिवून पळायचं नाही आहे." मग पहाटे खर्ज. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, काळी एकचा षड्ज आणि त्याच्या खाली जमेल तितकं, नुसता 'आ'कार. ताना फार नंतर आल्या. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेला शेजारच्या बाकावर आठवीतली मुलगी होती. तिनं मला "काका, एक्स्ट्रा पेन आहे का?" असं विचारलं आणि माझ्याआधी पेपर देऊन गेली.

आता त्या 'रमला बिचारा'बद्दल. गाण्याची माणसं फार मऊ असतात हा गैरसमज आहे. माझ्याबद्दल कळल्यावर एका मंडळानं माझा कार्यक्रम 'सध्या पुढं ढकलला' आणि त्याच तारखेला दुसऱ्याला उभं केलं. मला धरून ठेवलं ते ठुमरीनं. ठुमरीत बोलणारी बहुधा बाई असते. तरी बडे गुलाम अली खाँसाहेबांसारखा पहिलवानी देहाचा, झुबकेदार मिशांचा माणूस साजणासाठी आर्त होतो, आणि सभागृहातल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. तसं आपल्याकडे तरी काय, ज्ञानेश्वरांच्या विराण्या विठ्ठलासाठी झुरणाऱ्या बाईच्याच आहेत. नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात पहिल्या रांगेतल्या मावश्यांसमोर मी 'पिया'ला आळवतो आणि त्या मान डोलावतात. बाकीच्या गायकांना तिथं थोडी कल्पना करावी लागते, मला लागत नाही.

बाबांचं दुःख वेगळंच. मी गे आहे हे त्यांनी दोनेक वर्षांत पचवलं. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हातचं गेलं, हे अजून पचलेलं नाही. पोलिसात लागलेल्या माझ्या जुन्या सोबत्यांची नावं ते जेवताना घेतात. त्यांची समजूत काढायला नातेवाईक गायक वसंतराव देशपांड्यांचा दाखला देतात: नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकले, वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, मग पूर्णवेळ गाण्यात आले. दाखला चांगला आहे, फक्त वसंतराव लहानपणापासून गात होते आणि मी लहानपणापासून लंगडी घालत होतो.

पोट भरतं का, हे मात्र तुम्ही कधी विचारत नाही, खरं तर ते विचारायला हवं. दिवाळी पहाट आणि लग्नसराई यांत चार पैसे सुटतात. पावसाळ्यात गणपती सोडले तर शिकवण्यांवर भागवायचं. मी ज्याच्यासोबत राहतो तो बँकेत आहे. घराचा हप्ता तो भरतो, किराणा मी. दर वेळी भाडं द्यायला नको म्हणून या हिवाळ्यात दोन मॉनिटर स्पीकर विकत घ्यावेत असं माझं म्हणणं आहे, त्याचं म्हणणं आधी फ्रिज. त्यावरून सध्या घरात रोज वाजतंय.