मुंबई ते चालोंग : मुए थाईच्या सरावावर मिळणारा डीटीव्ही व्हिसा

थायलंडने १५ जुलै २०२४ पासून डेस्टिनेशन थायलंड व्हिसा सुरू केला. सगळे त्याला डीटीव्हीच म्हणतात. घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठीचा व्हिसा अशी त्याची ख्याती झाली, पण त्यात दुसरा दरवाजाही आहे: मुए थाई (हात, पाय, कोपर, गुडघे वापरून लढायचा थायलंडचा पारंपरिक खेळ), थाई स्वयंपाक, क्रीडा प्रशिक्षण, वैद्यकीय उपचार अशा कारणांसाठी येणाऱ्यांचा. नोकरीचं पत्र नाही, पण सहा महिने मन लावून सराव करायचा आहे, अशांसाठी हा रस्ता आहे.

व्हिसाची मुदत पाच वर्षं. त्या काळात कितीही वेळा ये-जा करता येते आणि दर प्रवेशाला १८० दिवस राहता येतं. म्हणजे पाच वर्षं सलग मुक्काम नव्हे. १८० दिवस संपायच्या आत देशाबाहेर पडायचं आणि परत आलं की नवे १८० दिवस. अर्जदाराचं वय किमान २० हवं. जोडीदाराला आणि २० वर्षांखालील मुलांना अवलंबित म्हणून वेगळा अर्ज करता येतो.

बहुतेक जण आधी व्हिसाचं पॅकेज शोधतात आणि कॅम्प, म्हणजे मुए थाई शिकवणारी शाळा, नंतर बघतात. हे उलटं आहे. आधी कॅम्प ठरवा. शक्य असेल तर एकदा साधे पर्यटक म्हणून जा, दोन-तीन कॅम्पमध्ये दिवसाचे पैसे भरून सराव करा, मग भारतात परतून अर्ज करा. डीटीव्हीचा अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करावा लागतो, त्यामुळे परत येणं तसंही टळत नाही.

फुकेतमधल्या चालोंगचा सोई ता-इयाद हा रस्ता या सगळ्याचा अड्डा आहे. एका अरुंद गल्लीत मुए थाई, एमएमए (मिश्र लढतीचा खेळ), क्रॉसफिट, मसाज, लाँड्री, उकडलेलं चिकन आणि अंडी वजनावर विकणारी दुकानं. इंग्रजी चालतं, व्हिसाच्या कागदांची कॅम्पच्या ऑफिसला सवय असते. पण तिथे महिन्याची फी आणि खोली दोन्ही महाग, आणि मोठ्या कॅम्पमध्ये गर्दीच्या हंगामात एका क्रूमागे, म्हणजे प्रशिक्षकामागे, बरेच विद्यार्थी असतात. चियांग माई स्वस्त आणि शांत आहे. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर दरीत साचून राहतो. त्या हवेत रोज धावणं म्हणजे फुप्फुसांशी वैर. फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस, पण सराव छताखाली असतो; अडचण होते ती स्कूटरवरून जाण्या-येण्याची. ज्यांना खरी लढत बघत शिकायचं आहे त्यांनी बँकॉकचा विचार करावा. राजदमनेर्न स्टेडियम १९४५ पासून तिथे आहे, लुम्पिनी स्टेडियम आता शहरातल्याच राम इंत्रा भागात आहे. आमचं मत विचाराल तर पहिल्या सहा महिन्यांसाठी १५-२० विद्यार्थ्यांचा मध्यम कॅम्प सगळ्यात चांगला. तिथे क्रू तुमची चूक दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवतो.

कॅम्प ठरला की त्यांच्याकडून कागद मागायचे. स्वीकृतिपत्र कॅम्पच्या लेटरहेडवर, त्यात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, कोर्सच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, भरलेली फी. त्यावर संचालकाची सही आणि शिक्का, सोबत संचालकाच्या ओळखपत्राची प्रत, कंपनी नोंदणीचा दाखला आणि पैसे भरल्याची पावती. कोर्स सहा महिन्यांचा घ्या. एका महिन्याच्या पत्रावर अर्ज करणारे नाकारले जातात आणि नंतर दूतावासाला दोष देतात. पण १८० दिवस राहायची परवानगी मागताना ३० दिवसांचं कारण दाखवलं तर अधिकारी विचारणारच. काही दूतावास कॅम्पचे जास्तीचे परवाने मागतात, म्हणून जुनी नोंदणी असलेला, आधी डीटीव्हीची पत्रं दिलेला कॅम्प बरा. कोर्सची सुरुवात अर्जाच्या तारखेपासून निदान सहा आठवडे पुढची लिहून घ्या. नाहीतर व्हिसा हाती येईपर्यंत पत्रातली तारीख उलटून गेलेली असते. आणि फी भरण्याआधी ईमेलवर एक ओळ लिहून घ्या: व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळणार. तोंडी आश्वासन इथे उपयोगाचं नाही.

ब्राझिलियन जुजित्सू, एमएमए, टेनिस, डायव्हिंग हे ‘क्रीडा प्रशिक्षण’ या शब्दात बसू शकतं, पण त्याचा अर्थ प्रत्येक दूतावास आपापल्या परीने लावतो. मुए थाई यादीत नावानिशी आहे. दोन्ही शिकवणारा कॅम्प असेल तर पत्र मुए थाईचं घ्यावं आणि मुए थाई खरंच शिकावं.

पैशाचा पुरावा हा दुसरा खांब. ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. रुपयांत हे साधारण १३ ते १५ लाखांच्या घरात जातं. दर हलतो, म्हणून लाखभर जास्तच ठेवा. पैसे थायलंडला पाठवायचे नाहीत, भारतातल्या स्वतःच्या बचत खात्यात असले तरी चालतात. स्टेटमेंट किमान तीन महिन्यांचं, सहा असेल तर उत्तम. अर्जाच्या आठवड्यात एकदम दहा लाख जमा झालेले दिसले की ते उसने आणलेले आहेत असाच अर्थ निघतो. मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, वडिलांच्या नावावरचं खातं यांवर विसंबू नका. एफडी मोडून बचत खात्यात आणा आणि तीन महिने हलवू नका. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. मोबाइल अ‍ॅपमधून काढलेली पीडीएफ कधी चालते, कधी परत येते.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतं, बँकेत मात्र मधलं नाव आद्याक्षरावर आलेलं असतं किंवा आडनाव आधी असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर दोन आडनावं फिरत असतात. अर्जाआधी बँकेत केवायसी करून नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या आणि कॅम्पच्या पत्रातही तेच स्पेलिंग अक्षरशः जुळवा.

अर्ज ऑनलाइन, थायलंडच्या सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावर. भारतात ही पद्धत १ जानेवारी २०२५ पासून आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांनी मुंबईचा वाणिज्य दूतावास निवडायचा. पासपोर्टचं पान, फोटो, सध्या कुठे राहता त्याचा पुरावा, बँक स्टेटमेंट आणि कॅम्पचे कागद अपलोड करायचे. कागद फोनवर वाकडे फोटो काढून टाकू नका, सरळ स्कॅन करा. थाई भाषेतला नोंदणीचा दाखला अस्पष्ट असेल तर तोच परत मागतात. मूळ शुल्क १०,००० बाथ, भारतात ते रुपयांत ठरलेल्या रकमेने भरायचं. भरण्याची रीत संकेतस्थळावर अर्ज करतानाच नीट वाचा. शुल्क पोचल्यावर साधारण १४ कामकाजाचे दिवस धरा. मधेच जास्तीचा कागद मागितला तर दिवस वाढतात. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. त्यात भर नको म्हणून पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट आधी काढू नये. आणि एजंटने ‘पत्र देतो, कॅम्पला जायची गरज नाही’ असं सांगितलं तर तिथून उठा. ते पत्र तुमच्या नावावर पाच वर्षं राहणार आहे.

व्हिसा मंजूर झाला की पीडीएफ येते. तिच्या दोन छापील प्रती काढा. थायलंडला पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट समजा.

इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्टसोबत डीटीव्हीची छापील प्रत स्वतःहून पुढे करा. भारतीय पासपोर्ट दिसला की सवयीने पर्यटकाचा कमी दिवसांचा शिक्का पडू शकतो. काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावरची तारीख वाचा: प्रवेशाचा दिवस धरून १८० दिवस यायला हवेत. चूक तिथेच दोन मिनिटांत दुरुस्त होते. बाहेर पडल्यावर तिच्यासाठी अख्खा दिवस जातो. बँकॉकला विमान बदलून फुकेतला जाणाऱ्यांनी आपला शिक्का कुठल्या विमानतळावर पडणार हे तिकिटावर पाहून ठेवावं.

घर घेतलं की मालकाने २४ तासांत टीएम-३०, म्हणजे परदेशी भाडेकरू कुठे राहतो याची नोंद, इमिग्रेशनकडे करायची असते. जबाबदारी त्याची, पण पुढे इमिग्रेशनमध्ये अडतो तो भाडेकरू. भाडं देण्याआधीच विचारा आणि पावतीचा फोटो घेऊन ठेवा. सलग ९० दिवस राहिलात की टीएम-४७, म्हणजे ९० दिवसांची हजेरी: देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. पहिल्यांदा स्वतः जाऊन, नंतर ऑनलाइन. चुकलं तर २,००० बाथ दंड. मधे देशाबाहेर गेलात की मोजणी नव्याने सुरू.

आता सरावाचं. कॅम्पमध्ये दिवसाला दोन सत्रं असतात, सकाळी सातच्या सुमारास आणि दुपारी तीन-चारला, प्रत्येकी दीड-दोन तास. आधी धावणं किंवा पंधरा-वीस मिनिटं दोरीच्या उड्या, मग शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे-लाथा), मग क्रूने हातात धरलेल्या पॅडवर चार-पाच राउंड, मग बॅग, क्लिंच (एकमेकांना धरून लढणं) आणि शेवटी गुडघ्याचे फटके व पोटाचे व्यायाम. पहिले दोन आठवडे दिवसाला एकच सत्र करा. भारतातून आलेला माणूस उत्साहाने दोन्ही करतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी नडगी सुजून बसतो. नडगी मजबूत होते ती बॅगवर महिनोन्‌महिने हळूहळू मारल्याने. बाटली फिरवून किंवा खांबावर आपटून नव्हे.

हाताच्या पट्ट्या साडेचार-पाच मीटरच्या, निदान तीन जोड्या, कारण दमट हवेत त्या रात्रीत वाळत नाहीत. ग्लोव्हज पॅड-बॅगसाठी १० किंवा १२ औंस, स्पारिंगसाठी (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीसाठी) १४ ते १६. कॅम्पचे सामायिक ग्लोव्हज टाळा. घामट ग्लोव्हज आणि मॅटवरून नायटा आणि पुवाचे फोड येतात. सत्र संपल्या संपल्या साबणाने अंघोळ करा. खरचटलेली नडगी उघडी ठेवून मॅटवर उतरू नका. पाणी नुसतं पिऊन भागत नाही, ओआरएसची पाकिटं घरूनच न्या.

शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधावीत. इतर ठिकाणी भाजीतही मासळीचा सॉस असतोच. रोजच्या दोन सत्रांना लागणारी प्रथिनं टोफू आणि सोयाबीनच्या दुधातून मिळवावी लागतात.

विम्याची अट डीटीव्हीला नाही, तरी घ्या, आणि घेताना वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. बहुतेक प्रवासविम्यांत लढतीचे खेळ आणि परवाना नसलेली दुचाकी वगळलेली असते. चालोंगमध्ये रिंगपेक्षा रस्त्यावर जास्त लोक मोडतात. भारतातूनच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, त्यात दुचाकीचा वर्ग असल्याची खात्री करा.

डीटीव्हीवर थाई मालकाकडे काम करता येत नाही. कॅम्पमध्ये शिकवून फी कमी करून घेणं किंवा मानधन घेऊन लढत खेळणं हे काम समजलं जाऊ शकतं. वर्क परमिटचा प्रश्न आधी कॅम्पशी सोडवा. एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की थायलंडमध्ये करदृष्ट्या निवासी ठरता, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं तर ते करपात्र ठरू शकतं. निघण्याआधी सीएशी बोला.

१८० दिवस संपत आले की कागदोपत्री १,९०० बाथ भरून एकदा मुदतवाढ मागता येते, पण इमिग्रेशन कार्यालयं त्यासाठी बरेच कागद मागतात आणि नकारही देतात. बाहेर जाऊन येणं सोपं. मुंबईचं तिकीट गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुमारास काढून दोन्ही कामं साधता येतात. नाहीतर क्वालालंपूर किंवा पेनांग, मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड तेवढं आधी भरून. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. मुदत उलटली की दिवसाला ५०० बाथ दंड, जास्तीत जास्त २०,०००, आणि पासपोर्टमध्ये नोंद राहते ती वेगळीच. परत येताना नवीन अरायव्हल कार्ड, तीच छापील प्रत, आणि कॅम्पच्या नव्या फीची पावती जवळ असू द्या. सराव चालू आहे का हे काउंटरवर विचारलं गेलं तर पावतीइतकं छोटं आणि चोख उत्तर दुसरं नाही.