पीएचडी करावी का?

आज अर्धा दिवस रजा टाकून गाईड होऊ शकतील अशा एका सरांना भेटून आले. "चाकणला कंत्राटी कामगार दिवाळीला गावी जातात, त्यातले बरेच परत येत नाहीत," मी तावातावाने सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही तक्रार झाली. प्रश्न काय?" माझी बोलतीच बंद. (मीटिंगमध्ये मी हेच इतरांना करते, असो.)

नियम मी वाचून गेले होते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान ३, कमाल ६ वर्षं. बायकांना २ वर्षं जादा मिळू शकतात. पार्टटाइम चालतं, पण कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. घोडं तिथेच अडणार.

नवरा म्हणतो, "नावाआधी डॉक्टर लावायला एवढा खटाटोप?" तसं नाही हो. आमच्याकडे सोडून गेलेल्यांच्या फॉर्मवर कारण एकच असतं, 'घरगुती', आणि तेही सगळीकडे सुपरवायझरच्याच अक्षरात! खरं कारण कुणी विचारलेलंच नाही.

सरांनी एका पानात प्रश्न लिहून आणायला सांगितलंय. नोकरी सांभाळून पीएचडी केलेल्यांनो, बॉसला कसं पटवलंत? इनबॉक्स केलंत तरी चालेल.