जुन्या प्रोफाइल फोटोवरचा झेंडा

आज फोनमधले जुने फोटो काढून टाकताना नोव्हेंबर 2015 मधला माझाच प्रोफाइल फोटो समोर आला. चेहऱ्यावर फ्रान्सच्या ध्वजाचे निळे, पांढरे आणि लाल पट्टे होते. 13 नोव्हेंबरला पॅरिसवर झालेल्या हल्ल्यांत 130 माणसे मारली गेली, तेव्हा फेसबुकने दिलेली ती सोय मी क्षणाचाही विचार न करता वापरली होती, आणि त्यामागचे दुःख खोटे नव्हते, असे आजही वाटते.

पण त्याच्या आदल्याच दिवशी बैरूतमध्ये दोन आत्मघाती स्फोटांत 40हून अधिक लोक मरण पावले होते, आणि लेबनॉनच्या ध्वजावरचे ते हिरवे सीडरचे झाड माझ्या फोटोवर कधी आले नाही, कारण तशी कळच कोणी पुढे केली नव्हती. आप्तांना सुखरूप असल्याचे कळवण्याची सुविधाही फेसबुकने पॅरिससाठी सुरू केली, बैरूतसाठी नाही. त्यावर तेव्हा टीकाही झाली. सिडनीचे ऑपेरा हाऊस आणि बर्लिनचे ब्रांडेनबुर्ग द्वार फ्रान्सच्या रंगांत उजळले, आणि ती दृश्ये दिवसभर पडद्यावर फिरत राहिली. पॅरिसचे रस्ते आपण चित्रपटांतून आधीच पाहिलेले असतात; बैरूत मात्र बातम्यांत बहुधा युद्धाबरोबरच येते, त्यामुळे तिथला मृत्यू नेहमीचाच वाटू लागतो (हे लिहितानाही संकोच होतो).

तो फोटो मी काढून टाकलेला नाही.