घरकोंबड्याची वारी

आमच्या घरात बापाला 'पाय' म्हणतात. पायी वारीच्या गोष्टीत त्यामुळे घोटाळा होणार, पण इलाज नाही. बापाला अहो-जाहोही नाही आमच्यात.

पाय मार्चमध्ये गेला. त्याआधी सलग एकवीस वर्षं तो सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जायचा, 3 डिसेंबरच्या सायबाच्या फेस्ताला, म्हणजे सणाला. सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, गोंयचो सायब. बाकीचे पदयात्रा म्हणायचे, पाय वारी म्हणायचा. यंदा त्याच्या जागी मी गेलो.

पाय पक्का घरकोंबडा. एसटीत मेकॅनिक होता. बढती आली, तिच्याबरोबर रत्नागिरीला बदली आली. त्याने दोन्ही नाकारल्या. रविवारची सातची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवली नाही, पण निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचा. एकदा तर फादरांचं प्रवचन चालू असताना उठून घरी गेला, गॅस बघायला. गॅस बंदच होता. कम्युनियनच्या रांगेत मात्र परत हजर.

आणि अशा माणसाचा लाडका संत कोण, तर 1541 मध्ये लिस्बनला जहाजात चढला तो पुन्हा युरोपात परतलाच नाही असा. 6 मे 1542 ला गोव्यात उतरला, मग मलाक्का, मग जपान, आणि 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर संपला. कॉलेजात असताना मी पायला टोमणा मारला होता, तुझं आणि सायबाचं जमतं कसं? पाय म्हणाला, "तो गेलो ना सगळीकडे? मग आमका खंय जावची गरज नाय."

30 नोव्हेंबरला पहाटेची मिस्सा करून निघालो. साठेक माणसं, पुढे क्रूस, मागे सामानाचा टेम्पो. अंतर साधारण 70 किलोमीटर. पहिला मार इन्सुली घाटाने दिला, तोही चढताना नव्हे, उतरताना. वाटेत तेर्स चालू, म्हणजे 'नमो मारिये' या प्रार्थनेची जपमाळ. पुढचा म्हणतो, मागचे उत्तर देतात. पण मध्येच ट्रक आला की आवाज गिळतो, आणि शेवटची ओळ कायम अर्ध्या नमो मारियेने मागे पडते. मी त्या शेवटच्या ओळीत होतो. शेजारी पायचे वारीतले जोडीदार, निवृत्त मास्तर.

मास्तरांनी सांगितलं, तेर्साचे पाच दशक, म्हणजे दहा-दहा नमो मारियेंचे पाच भाग, पायने वाटून ठेवले होते. पहिला मांयला, दुसरा मला, तिसरा बहिणीला, चौथा तिच्या पोरांना.

"आणि पाचवा?"

"घराक. कौलां फुटतत म्हणायचो."

एकवीस वर्षं कौलांसाठी दहा नमो मारिये! मला हसू आलं आणि पुढचा अर्धा किलोमीटर काही बोलता आलं नाही.

बांद्याच्या अलीकडे एका घरापुढे दरवर्षी चहा असतो. घरातले आजोबा माळकरी, नुकतेच कार्तिकी करून आलेले. त्यांनी रांग न्याहाळली आणि विचारलं, "मेकॅनिक खंय?" मी सांगितलं. ते आत गेले, बिस्किटांचे दोन पुडे घेऊन आले. "एक तुझो, एक तेचो." दुसरा पुडा म्हापशापर्यंत पिशवीत तसाच होता. मग मास्तरांनीच फोडला.

पत्रादेवीला 1955 च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांच्या स्मारकाशी थोडं टेकलो. पुढे हायवेवर सावली नाही, सांगण्यासारखंही काही नाही. म्हापशाला मास्तरांनी एक मोबाइल कव्हरांचं दुकान दाखवलं. पूर्वी तिथे एसटीडी बूथ होता. पाय पोचला रे पोचला की आधी तिथे, पाणी नंतर. आमच्याकडे फोन वाजायचा आणि तो 'कसे आहात' वगैरे काही विचारायचा नाही. कोंबड्या डालल्या? पंप बंद केला?

बेतीहून फेरीबोटीने पणजीला उतरलो. पायी माणसाला तिकीट नाही. मग रायबंदरचा, पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेला लांबच लांब सरळ रस्ता. तिथे माझ्या टाचेचा फोड फुटला. पाय असता तर गप्प सुईदोरा काढला असता.

बॉम जेझूस चर्चचा लाल चिरा संध्याकाळच्या उन्हात दिसला तेव्हा दुसऱ्या तारखेचे पाच वाजले होते. आत सायबाचं शव उंचावर, चांदीच्या पेटीत. 2014 च्या शवदर्शनाला पाय तासन्‌तास रांगेत उभा राहून आला होता आणि घरी येऊन एवढंच म्हणाला होता, "सायब ल्हानसो."

बाहेर मेणाचे अवयव विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते माणूस विकत घेतो आणि वाहतो. मी एक पाय घेतला. मास्तरांनी माझ्या टाचेकडे पाहिलं, मग त्या मेणाकडे, आणि मग हसतच सुटले. "शेवटी पायकच घेवन इलंस!"

फेस्ताची मिस्सा झाली. मांयसाठी खाजं घेतलं आणि बसच्या रांगेतून घरी फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आधीच ती बोलली.

"पंप बंद केलंय."