रात्रीची खाज आणि हरवलेली झोप

नाशिकची थंडी वाढू लागली की माझ्या कोपरांवरचे आणि नडग्यांवरचे सोरायसिस या दीर्घकालीन त्वचाविकाराचे चट्टे कोरडे पडून उलू लागतात, आणि दिवसभर कामाच्या गडबडीत सोसवणारी खाज अंथरुणाला पाठ टेकताच असह्य होते. "मन दुसरीकडे गुंतव, म्हणजे जाणवणार नाही," असे घरची मंडळी मायेने सांगतात. परंतु हे केवळ मनाचे खेळ नव्हेत. झोपेची वेळ जवळ आली की शरीर आतली उष्णता बाहेर टाकू लागते, त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि त्वचेतील ओलावाही अधिक वेगाने उडून जातो; त्यातच दाह आटोक्यात ठेवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली आलेली असते. वर गोधडीची ऊब मिळाली की डोळ्याला डोळा लागत नाही.

लागला, तरी हात थांबत नाहीत. सकाळी चादरीवर पांढरे पापुद्रे पडलेले असतात आणि त्यांत कुठे कुठे रक्ताचे बारीक ठिपके. नखांनी दुखावलेल्या जागी सोरायसिसचे नवे चट्टे उमटू शकतात, म्हणून नखे कापणे आणि झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने अंघोळ करून ओलसर अंगावरच व्हॅसलिन लावणे हा नेम मी सोडत नाही. खाजेसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीने गुंगी येते. ती हिस्टामिन या शरीरातील खाज आणणाऱ्या रसायनाला अडवते; सोरायसिसच्या खाजेचे मुख्य कारण हिस्टामिन नसल्यामुळे मूळ त्रास मात्र फारसा हटत नाही.

मला सर्वाधिक खटकते ते असे की, या आजाराची तीव्रता मोजण्याच्या 'पासी' या प्रचलित पद्धतीत चट्ट्यांची लाली, जाडी, पापुद्रे आणि व्याप्ती यांना गुण आहेत, खाजेला आणि झोपेला नाहीत. चट्टे थोडे असले की आजार सौम्य ठरतो, मग रुग्ण रात्रभर जागा का असेना! झोपमोडीने दाह वाढण्यास हातभार लागतो, हे लक्षात घेता रात्रींची विचारपूस ही उपचाराचाच भाग असायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

परवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे आहे. ते विचारोत वा न विचारोत, कोणत्या वेळी जाग येते हे मी सांगणार आहे. आणि अलीकडे उठल्यावर बोटांचे सांधे बराच वेळ आखडलेले राहतात, हेही सांगणार आहे, कारण सोरायसिसच्या संधिवाताची सुरुवात अशीही होऊ शकते.